शिट्टी उतरवण्याआधी

खो-खोचा पंच म्हणजे शिव्या खायला नेमलेला माणूस. जिंकणारे म्हणतात आम्ही जिंकलो, हरणारे म्हणतात पंचाने हरवलं, आणि शाबासकी द्यायला तर मैदानात कुणी उरतच नाही. प्रणोती खोतने हे सगळं गृहीत धरूनच शिट्टी गळ्यात घातली होती. गुडघ्याने दगा दिला म्हणून खेळ सुटला, पण मैदान काही सुटेना, म्हणून ती पंच झाली. चार वर्षं कुपवाडपासून कोल्हापूरपर्यंत उन्हातान्हात उभी राहिली, दोन्ही संघांची मनसोक्त बोलणी खाल्ली आणि घरी येऊन गरम पाण्यात पाय बुडवून बसली. तिला एकच गोष्ट हवी होती, पहिली श्रेणी. ती मिळाली की राज्याबाहेरच्या, देशपातळीवरच्या स्पर्धा मिळतात. खेळाडू म्हणून ती तिथवर पोचली नव्हती, निदान पंच म्हणून तरी पोचायचं होतं.

अशात संघटनेने मणी आणला.

त्याचं खरं नाव भलंमोठं होतं, ते परिपत्रकाबाहेर कुणी कधी उच्चारलं नाही. हरभऱ्याएवढा दाणा कानात बसायचा, म्हणून सगळे त्याला मणीच म्हणायचे. सोबत मनगटाला एक पट्टी आणि चष्म्याच्या दांडीवर टिकलीएवढा कॅमेरा. पट्टी नाडी आणि घाम मोजायची, कॅमेरा पंचाची बुबुळं कुठे वळतायत ते टिपायचा, मणी मैदानातलं ऐकायचा आणि पंचाच्या कानात बोलायचा. निर्णय मात्र पंचाचाच. यंत्राने निकाल द्यायचा प्रयोग आधी करून झाला होता आणि साफ फसला होता. भांडायला समोर माणूसच नाही म्हटल्यावर प्रेक्षक यायचे बंद झाले! तेव्हा मण्याचं काम फक्त शिकवण्याचं, पंचाचं कुठे चुकलं आणि कुठे बरोबर आलं ते तिथल्या तिथे सांगण्याचं.

पहिला महिना मणी फार तोंडाळ होता. ‘उशीर झाला.’ ‘चुकलं.’ ‘तुम्ही पळणाऱ्या खेळाडूकडे बघत होतात, बसलेल्या खेळाडूकडे नाही.’ प्रणोती रडकुंडीला आली होती. दुसऱ्या महिन्यापासून मात्र त्याचा सूर पालटला. ‘छान. नजर अगदी योग्य जागी होती,’ असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा ही एकतीस वर्षांची बाई भर मैदानात लाजली. मग रोजच छान, उत्तम, अचूक. आपण सुधारलो, असं तिला वाटलं. वाटणारच की! कुणालाही वाटेल.

फोड फुटला तो मिरजेच्या स्पर्धेत.

त्या दिवशी समोरच्या बाजूला इम्रान मुजावर होता. चार वर्षं दोघं जोडीने पंचगिरी करत होती. खो-खोत दोन पंच लागतात, मध्यपाटीच्या दोन बाजूंना एकेक. मध्यपाटी म्हणजे मैदान मधोमध कापणारी ती लांब पट्टी, तिच्यावर पाठलाग करणारे खेळाडू एक इकडे तोंड, एक तिकडे तोंड करून बसतात. पळणाऱ्याने ती कशीही ओलांडावी, पाठलाग करणाऱ्याने ओलांडली की फाऊल. आणि त्या दिवशी एका पोरीने दोघांच्या डोळ्यांदेखत ती ओलांडली. पूर्ण पाऊल पलीकडे टाकलं. प्रणोतीचीही शिट्टी वाजली नाही, इम्रानचीही नाही. प्रेक्षकांतून जो काय उद्धार झाला तो सांगण्यासारखा नाही.

सामना संपल्यावर दोघं मैदानाबाहेरच्या टपरीवर चहा घेत उभी होती. इम्रान मुळातच अबोल, अलीकडे तर तोंड शिवल्यासारखा झाला होता. चहा निवून गेला तरी त्याने घोट घेतला नव्हता.

“काय रे, त्या फाऊलचं मनाला लावून घेतलंस का?” प्रणोतीने विचारलं.

“मणी काय बोलला ऐकशील? ‘तुमच्या ढिलाईमुळे एका संघाचं नुकसान झालं. एवढं ढळढळीत दिसत नसेल तर इथे कशाला उभे राहता?’ असं म्हणाला.”

प्रणोतीचा कप हातातच थांबला. “तुला असं म्हणाला?”

“रोजच म्हणतो. मागच्या खेपेला तुझ्या बाजूचा फाऊल मी हात करून दाखवला, तर म्हणे दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नका, आपल्या बाजूपुरतं बघा.” त्याने कप टपरीच्या फळीवर ठेवला. “तुला काय म्हणाला?”

तिला खोटं बोलता आलं असतं. क्षणभर तसं वाटलंही. “मला म्हणाला, एवढ्या गोंगाटातही तुमची एकाग्रता ढळली नाही, अभिमान वाटावा अशी कामगिरी.”

“त्याच फाऊलला?”

“त्याच.”

इम्रान ओठांतल्या ओठांत हसला, पण ते हसू काही बरं नव्हतं. “चल, नमाजाची वेळ झाली,” म्हणून तो निघून गेला. प्रणोती तिथेच चुळबुळत राहिली. तोंडात गूळ म्हणून घातलेलं काहीतरी भलतंच निघावं तसं तिला झालं.

मण्याचं काम बघणारे क्रीडाशास्त्रज्ञ होते श्रोत्री. माणूस गोड, सगळ्यांशी अदबीने बोलणारा. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या कार्यालयात प्रणोती त्यांच्यासमोर जाऊन बसली आणि बसल्या बसल्याच तिने विचारलं, “सर, एकाच चुकीला मला शाबासकी आणि इम्रानला जोडे, हा काय प्रकार आहे?”

श्रोत्री मुळीच गडबडले नाहीत. उलट, कुणीतरी विचारलं याचाच त्यांना आनंद झालेला दिसला.

“बसा, नीट सांगतो,” ते म्हणाले. “मेंदू शिकतो कधी? जे घडेल असं त्याला वाटतं त्यापेक्षा वेगळं घडलं तर. तुम्हाला बोलणी खायची अपेक्षा असताना शाबासकी मिळाली, की मेंदूत एक रसायन उसळतं आणि नुकतंच जे केलं ते घट्ट बसतं. दुसऱ्या एखाद्याला शाबासकी मिळाली की तो सैल पडतो, बोलणी बसली की त्याचे डोळे उघडतात. शिवाय वेळेचं महत्त्व आहे. कृती आणि शब्द यांत दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त अंतर पडलं की निम्मा परिणाम गेला. कोणाला काय, किती आणि कधी, हे आजवर गुरुजन अंदाजाने ठरवत. मणी तुमची नाडी, तुमचा घाम, तुमची बुबुळं बघून ठरवतो. औषध आहे हो ते. कुणाला कडू लागू पडतं, कुणाला गोड.”

“म्हणजे माझी शाबासकी खोटी?”

“खोटी कशाला म्हणता? ती वर्णन नाही, मात्रा आहे. मण्याचं काम पुढच्या सामन्यात तुम्हाला जास्त चांगला पंच करणं, एवढंच. आणि झालात की! आठ महिन्यांपूर्वीच्या निम्म्याच चुका उरल्यात तुमच्या.”

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. “मला मात्रा नको. खरं काय ते सांगा म्हणावं त्याला.”

“तेही करून पाहिलं ना,” श्रोत्री हळुवारपणे म्हणाले. “पहिला महिना तो तुम्हाला खरंच सांगत होता. तुमची कामगिरी घसरली.”

प्रणोती उठली, ‘येते’ म्हणाली, जिना उतरली आणि खाली स्कूटरपाशी बराच वेळ किल्ली शोधत राहिली. किल्ली तिच्या हातातच होती.

त्या आठवड्यात घरात सम्मेदचे हाल झाले. सम्मेद म्हणजे तिचा नवरा, जिल्हा बँकेत कामाला, स्वभावाने गरीब. रात्री जेवताना तिने विचारलं, “आमटी कशी झालीय?”

“छान झालीय.”

“खरं सांग.”

“अगं खरंच छान झालीय.”

“सम्मेद, मी रागावू नये म्हणून म्हणतोयस का?”

त्याने घास खाली ठेवला. “मीठ थोडं कमी आहे.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“कारण तू अशी करतेस म्हणून!”

झालं. आमटीवरून सुरू झालेलं भांडण लग्नात तिने नेसलेल्या शालूपर्यंत गेलं. तो शालू छान दिसतोय असं तो तेव्हा म्हणाला होता, तेही खरं होतं की मात्रा होती? सम्मेद बिचारा म्हणाला, “मला आठवत नाही गं शालू कसला होता, पण तू आवडली होतीस एवढं आठवतं.” एरवी यावर ती विरघळली असती. त्या दिवशी ती ताट उचलून मोरीकडे गेली.

आणि गंमत बघा, एवढं कळूनही सामन्यात मणी कानात ‘सुंदर’ म्हणाला की तिला गुदगुल्या व्हायच्याच. खोटं आहे हे माहीत, तरी छातीत गोड वाटायचं, आणि त्याचाच तिला भयंकर संताप यायचा. मणी काढून टाकायची मात्र सोय नव्हती. जयसिंगपूरला राज्य स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि तीच तिच्या आणि इम्रानच्या पहिल्या श्रेणीची परीक्षा होती. नियम स्पष्ट होता, सामना संपून मुख्य पंच खुर्चीवरून उठेपर्यंत मणी कानात हवा. मध्येच काढला तर परीक्षा रद्द, आणि पुन्हा बसायला तीन वर्षं थांबा.

शेवटी ती हारगेबाईंकडे गेली. बाईंनीच तिला आणि इम्रानला शिट्टी धरायला शिकवलं होतं. मिरजेच्या शाळेत आयुष्यभर खेळ शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आता गुडघे गेलेले, पण आवाज तसाच, पलीकडच्या गल्लीत ऐकू जाणारा. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

“बाई, मी पंच म्हणून कशी आहे?” प्रणोतीने विचारलं. दारातूनच विचारलं, चप्पलही काढली नव्हती.

“मला काय माहीत?”

“असं काय करता बाई!”

“तुझा सामना बघून मला दोन वर्षं झाली. न बघता कसं सांगू? हां, तुला बरं वाटायला पाहिजे असेल तर सांगते, फार गुणाची आहेस. बरं वाटलं?”

“नाही.”

“मग? ये आत, शेंगा फोड.”

ती आत येऊन बसली आणि सगळं सांगितलं. मणी, मात्रा, इम्रान, श्रोत्री. बाई ऐकत होत्या की नव्हत्या कोण जाणे, त्यांचे हात चालूच होते. तिचं संपल्यावर त्या म्हणाल्या, “सामना झाल्यावर एकमेकांना विचारता का अजून?”

प्रणोतीला एकदम आठवलं. बाईंचा तो दंडक होता. सामना संपला की शिट्टी गळ्यातून उतरवण्याआधी दोन्ही पंचांनी समोरासमोर उभं राहायचं आणि एकाने दुसऱ्याला म्हणायचं, ‘सांग.’ समोरच्याने एक चुकलेलं सांगायचं, एक बरोबर आलेलं सांगायचं. स्वतः बघितलं असेल तेवढंच. शिट्टी गळ्यात असताना जे बोललं जाईल ते पंचाला बोललेलं, माणसाला नाही, म्हणून त्यावर रुसायचं नाही. शिट्टी उतरली की त्या विषयावर अवाक्षर काढायचं नाही, मग चहा. मणी आल्यापासून ते बंदच पडलं होतं. मणी सांगतोय म्हटल्यावर पुन्हा माणसाला कशाला विचारायचं?

“नाही विचारत, बाई,” ती म्हणाली.

“मग मला काय विचारायला आलीस? तुझ्यासमोर उभा असतो तो इम्रान.” बाईंनी टरफलं सुपातून पाखडली. “आणि गुडघ्याकडे बघ गं. बसलेल्या पोरीच्या गुडघ्याकडे. पळणारीकडे बघत बसायची तुझी खोड गेली का ते मला माहीत नाही.”

एवढंच मिळालं तिला. परत येताना ती स्कूटरवर बाईंवरच चरफडत होती.

जयसिंगपूरच्या क्रीडा संकुलात बसायला जागा नव्हती. मुलींचा अंतिम सामना, आष्टा विरुद्ध लोणंद. दोन्ही गावांचे लोक ढोलताशासकट आलेले. शेवटच्या पाळीत लोणंदच्या पोरी पाठलाग करत होत्या आणि आष्ट्याच्या पळत होत्या. हिशेब अगदी साधा उरला होता. आष्ट्याची गौरवी नावाची एकच पोरगी मैदानात होती. ती वेळ संपेपर्यंत टिकली तर आष्टा जिंकणार, बाद झाली तर लोणंद.

गौरवी वाऱ्यासारखी पळत होती. लोणंदची एक पाठलाग करणारी तिच्या मागे लागली, मैदानाच्या टोकाच्या खांबाकडे झुकली आणि तिथे फाऊल केला. प्रणोतीने शिट्टी मारली, हात दाखवून नियमाप्रमाणे तिला उलट दिशेला वळवलं. निर्णय अवघड होता आणि बरोबर होता, हे तिचं तिलाही कळलं.

पुढचं सगळं एका श्वासात घडलं. ती पाठलाग करणारी इम्रानच्या बाजूने मध्यपाटीलगत धावत आली. पाटीवर बसलेली एक लोणंदची पोरगी प्रणोतीकडे तोंड करून होती. अशा वेळी पाठीमागून खो देणारी प्रणोतीला दिसत नाही, बसलेलीच्या आड असते. प्रणोतीने बसलेलीचा गुडघा उठताना बघायचा आणि कानाने खो ऐकायचा. पाठीला हात लागून तोंडातून ‘खो’ निघाला, मगच बसलेलीने उठायचं. आधी उठली तर फाऊल, आणि मग तिने कुणाला बाद केलं तरी ते धरायचं नाही. बाईंनी हेच तर शेकडो वेळा घोकून घेतलं होतं, डोळा गुडघ्यावर आणि कान खो वर.

डोळा गुडघ्यावर होता. गुडघा उठला. आणि नेमक्या त्याच क्षणी मघाच्या फाऊलबद्दल कानात मणी म्हणाला, ‘अचूक! फार अवघड निर्णय होता.’

पोरगी उठली, झेपावली, गौरवीच्या खांद्याला हात लागला. प्रणोतीची शिट्टी आपोआप वाजली. बाद! लगेच वेळ संपल्याची घंटा झाली, लोणंदच्या पोरी एकमेकींवर पडल्या, ढोल सुरू झाला.

गौरवी जागची हलली नाही. धापा टाकत म्हणाली, “मॅडम, आधी उठली ती. खो नव्हता आला.”

बाद झालेली प्रत्येक पोरगी असंच म्हणते. प्रणोतीने चार वर्षांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलं होतं, की एरवी तिने हाताने ‘बाहेर जा’ अशी खूण केली असती. पण हात उचलला गेला नाही. तिने आठवायचा प्रयत्न केला. गुडघा आठवला. खो आठवेना. खो च्या जागी कानात नुसतं ‘अचूक’ होतं.

‘ठाम निर्णय,’ मणी म्हणाला. ‘अभिनंदन. एक दीर्घ श्वास घ्या.’

तिने मणी कानातून उपसला. अक्षरशः उपसला, कानाची पाळी चुरचुरली. मूठ आवळून ती मैदान ओलांडून पलीकडे निघाली. भर जल्लोषात पंच मधूनच कुठे निघाली म्हणून ढोलवालाही थबकला. इम्रान आपल्या बाजूला खाली मान घालून उभा होता.

“इम्रान, खो ऐकलास?”

त्याच्या कानातला मणी तिला दिसत होता.

“तुझा तू काढू नकोस. मी काढायला सांगत नाही. खो कधी आला तेवढं सांग.”

इम्रानने ओठांवरून जीभ फिरवली. “ती उठल्यावर,” तो म्हणाला. “चांगली उठून उभी राहिल्यावर.”

मुख्य पंच पोतदार सर खुर्चीवरून पुढे झुकले. तिने सांगितलं ते ऐकून त्यांनी आधी तिच्या मुठीकडे पाहिलं. “मणी काढलास? अगं, परीक्षा गेली तुझी. आणि आता निर्णय फिरवलास तर ही पब्लिक आपल्याला जिवंत सोडेल का?”

“फिरवायचाय, सर. मी ऐकलं नव्हतं. न ऐकता शिट्टी मारली.”

पुढची दहा-पंधरा मिनिटं काय झालं ते सांगण्यात अर्थ नाही. पाण्याच्या बाटल्या आल्या, लोणंदचे प्रशिक्षक ‘किती घेतलेस गं?’ म्हणून अंगावर धावून आले, पोलिसांनी कडं केलं. आष्ट्याला चषक मिळाला. आष्ट्याच्या लोकांनीही तिचे आभारबिभार मानले नाहीत. त्यांच्या मते ते जिंकलेलेच होते, मध्ये पंचाने घोळ घातला होता.

श्रोत्री टेबलाशी बसून यंत्रं परत घेत होते. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. “आणखी दोन मिनिटं कानात ठेवला असतात, तर पहिली श्रेणी तुमची होती हो.”

“निर्णय चुकीचा राहिला असता तरी?”

“एका निर्णयाने सरासरी हलत नाही.”

प्रणोतीला आता ओरडायचीही ताकद नव्हती. “सर, मण्याला ऐकू आलं होतं ना, खो उशिरा आला ते?”

“आलं असणारच.”

“मग अभिनंदन कशाचं केलं त्याने?”

“तुमची नाडी फार चढली होती. त्या वेळी चूक दाखवली असती, तर पुढच्या सामन्यात तुम्ही बिचकला असतात. तो नेहमी पुढच्या सामन्याचं बघतो.”

“आणि हा सामना कुणी बघायचा?” तिने विचारलं.

श्रोत्रींनी रिकामी डबी तिच्यापुढे सरकवली. म्हणाले, “नोंद बंद करायला तो एकदा कानात घालावा लागतो.”

तिने घातला. ‘आज तुम्ही मोठं धाडस दाखवलंत, प्रणोती,’ मणी म्हणाला. ‘फार थोड्या पंचांना हे जमतं.’ कदाचित हे खरंही असेल. तीन वर्षं हातची गेलेल्या बाईला हे कुणाकडून तरी ऐकायचंच होतं, आणि यंत्राला नाडीवरून तेही कळलं असेल. यातलं कुठलं ते समजायला तिच्यापाशी काहीच मार्ग नव्हता. तिने मणी डबीत ठेवून झाकण दाबलं. ते पहिल्यांदा लागलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं.

हॉल रिकामा झाला होता. मॅट गुंडाळायला माणसं आली होती. इम्रान खांबाला टेकून उभा होता, मण्याची डबी देऊन मोकळा झालेला. “मला मिळाली पहिली श्रेणी,” तो म्हणाला, आणि हे वाक्य त्याने अपराध कबूल केल्यासारखं म्हटलं.

अभिनंदन हा शब्द प्रणोतीच्या जिभेवर आला आणि अडकला. दोघांच्याही गळ्यात अजून शिट्ट्या होत्या. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

“सांग,” ती म्हणाली.

त्याला क्षणभर कळेना. मग कळलं. “बाईंसारखं?”

“तसंच. शिट्टी आहे अजून.”

इम्रानने बराच विचार केला. “न ऐकता शिट्टी मारलीस, ती चूक. मणी बोलला म्हणून ऐकू आलं नाही म्हणशील, तर नाही ऐकू आलं तेव्हा शिट्टी मारायची नव्हती. त्याच्यावर ढकलू नकोस.”

तिच्या कानशिलात गरम झालं. हे इतकं खरं होतं, की तिला त्याचा राग आला. “बरोबर काय?”

“मैदान ओलांडून मला विचारायला आलीस.”

“तेवढंच?”

“मी बघितलं तेवढंच सांगायचं ना?” तो म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. “माझं सांग.”

आठ महिने रोज बोलणी खाल्लेला माणूस समोर उभा होता. त्याला दोन गोड शब्दांची किती गरज आहे हे कळायला पट्टी नको होती, ते त्याच्या चेहऱ्यावर होतं. गोड शब्द तिच्या ओठांवर आलेही. मग तिच्या लक्षात आलं, की आपणही त्याच्यासाठी मात्राच मोजतोय.

“तू ऐकलं होतंस,” ती म्हणाली. “ढोल वाजत होता, ती पोरगी धापा टाकत उभी होती, आणि तू खाली बघत होतास. मी आले नसते तर तसाच घरी गेला असतास.”

इम्रानने नाही म्हटलं नाही. मॅट गुंडाळणारी माणसं त्यांच्याजवळ आली, तशी दोघं दोन पावलं सरकली.

“आठ महिन्यांत मणी आज पहिल्यांदा मला छान म्हणाला,” तो म्हणाला.

“कधी?”

“तेव्हाच. मी गप्प उभा होतो तेव्हा. म्हणाला, छान, आता आपल्या बाजूपुरतं राहायला शिकलात.” त्याने शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. “खरं सांगू? बरं वाटलं गं. फार बरं वाटलं.”

ते कसं वाटतं हे प्रणोतीइतकं कुणाला माहीत होतं! तिचा सगळा दिवसभराचा, सगळ्या महिन्यांचा राग उफाळून आला, पण तो इम्रानवर काढण्यासारखा नव्हता.

“बरोबर काय केलं ते राहिलं,” तो म्हणाला.

“विचारल्यावर खरं बोललास. मणी कानात असताना बोललास.”

“तेवढंच?”

“मी बघितलं तेवढंच.”

त्याने मान हलवली. मग दोघांनी शिट्ट्या उतरवल्या आणि चहाला गेली.